ऑर्गन म्हणजे पियानो नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात पॅरिसच्या प्रवासावर जो लेख आला, तो मी आवडीने वाचला. नोत्र दाम कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराचे वर्णन त्यात चांगले उतरले आहे. परंतु त्या इमारतीच्या पश्चिम दाराच्या वर, गोल रंगीत खिडकीच्या पुढ्यात जे अवाढव्य वाद्य बसवलेले आहे, त्याला लेखकाने ‘भिंतीएवढा पियानो’ म्हटले आहे आणि छायाचित्राखालच्या ओळीतही तोच शब्द आला आहे. ते वाद्य पाइप ऑर्गन आहे. एका शब्दासाठी एवढे लांब पत्र लिहू नये, हे मला कळते. पण ही चूक सनईला सतार म्हणण्याच्या जातीची आहे, आणि आपल्या दैनिकात संगीताची पाने इतक्या आस्थेने काढली जातात की तिथे ती तशीच राहू द्यावीशी वाटली नाही.

सनई आणि सतार ही उपमा मी मुद्दाम घेतली आहे. पियानोत हातोडी तारेवर आपटते, आणि स्वर उमटला त्याच क्षणापासून तो विरू लागतो. पट्टी कितीही वेळ दाबून ठेवली तरी तो परत वाढत नाही. ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की नळीत वारा शिरतो, आणि जोवर बोट उचलले जात नाही आणि भात्यात वारा आहे तोवर स्वर पहिल्या क्षणाइतकाच भरीव राहतो. एक विरणारा, दुसरा न विरणारा. दोन्हींना काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, एवढ्याच साम्यावर त्यांना एका नावाखाली आणणे बरोबर नाही.

मराठी वाचकाच्या बाबतीत गोंधळाला आणखी एक जागा आहे. ‘ऑर्गन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातला ऑर्गन येतो, म्हणजे पायाने भाता मारायचे ते लाकडी कपाटासारखे वाद्य, ज्याच्या सुरावर नांदी उभी राहते. तोही ऑर्गनच, पण त्याच्या पोटात वाऱ्याने थरथरून सूर काढणाऱ्या पितळी पत्त्या असतात. तो आपल्या पेटीचा थोरला भाऊ आहे. मी स्वतः चाळीस वर्षे भजनी मंडळात पेटीची साथ करतो, त्यामुळे भाता, स्टॉप, कपलर (एक पट्टी दाबली की दुसरीही वाजवणारी जोडणी) हे शब्द माझ्या हाताखालचे आहेत. पाइप ऑर्गनमध्ये हे तिन्ही सापडतात, मात्र स्वर येतो तो नळ्यांतून, आणि प्रत्येक नळी एकच स्वर एकाच गुणाने बोलते. बऱ्याच नळ्यांचा आवाज शिट्टी किंवा पाव्यासारखा, ओठाच्या कडेवर हवा फुटून निघतो. काहींच्या बुडाशी थरथरणारी जीभ असते आणि त्या तुतारीसारख्या खणखणतात. एका गुणाच्या नळ्यांची सबंध रांग म्हणजे एक स्टॉप. वादक जेव्हा एकेक खुंटी बाहेर ओढतो, तेव्हा तो खरोखर कोणकोणत्या रांगांना वारा द्यायचा हे ठरवत असतो. नोत्र दामच्या वाद्यात असे ११५ स्टॉप, पट्ट्यांच्या पाच ओळी, पायांसाठी लाकडी पट्ट्यांची आणखी एक ओळ आणि सुमारे ८,००० नळ्या आहेत.

नळीची लांबी फुटांत सांगतात. आठ फुटांचा स्टॉप म्हणजे माणसाच्या गळ्याच्या पट्टीतला; सोळा फुटांचा त्याखालचे सप्तक; बत्तीस फुटांचा आणखी एक सप्तक खाली. बत्तीस फुटी रांगेतला सगळ्यांत खालचा स्वर सेकंदाला जेमतेम सोळा कंपने करतो. तो कानाने ऐकू येतो असे म्हणणे धाडसाचे आहे. बसलेल्या बाकाची फळी आणि छातीची फासळी यांना तो आधी कळतो. मोझार्टने १७७७ साली वडिलांना लिहिलेल्या पत्रात ऑर्गनला वाद्यांचा राजा म्हटले आहे. ध्वनिमुद्रण ऐकून हे विशेषण मला फुगवलेले वाटत असे, कारण घरातल्या स्पीकरमधून तो खालचा स्वर मुळी येतच नाही.

मला हा नाद हॅम्बुर्गमध्ये लागला. मुलीच्या नोकरीमुळे आम्ही दोघे काही वर्षे उन्हाळ्यात तिथे जातो. पहिल्या वर्षी पावसापासून आडोसा म्हणून सेंट याकोबी चर्चमध्ये शिरलो, तर आत वादन चालू होते. तिथला ऑर्गन आर्प श्निट्गर या कारागिराने १६९३ मध्ये पुरा केलेला आहे आणि त्यात जवळपास ४,००० नळ्या आहेत. दर्शनी बाजूच्या कथलाच्या नळ्या १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी वितळवायला गेल्या. दुसऱ्या युद्धात बाकीच्या वेळीच उतरवून सुरक्षित जागी हलवल्या, म्हणून चर्चवर बॉम्ब पडूनही त्या वाचल्या. दीर्घ दुरुस्तीनंतर १९९३ मध्ये, म्हणजे बरोबर तीनशे वर्षांनी, तो पुन्हा मूळ घडणीच्या जवळ आला. याच चर्चमधल्या वादकाच्या जागेसाठी १७२० मध्ये थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचे नाव उमेदवारांत होते. ते आपल्या नोकरीच्या गावी परतले, आणि ज्याला जागा मिळाली त्याने चर्चच्या खात्यात ४,००० मार्क भरले. नळीमागे एक मार्क, असा हिशेब मी तेव्हा मनात केला.

बाख यांची दुसरी एक गोष्ट याच परिसरातली आहे. वयाच्या विसाव्या वर्षी, १७०५ च्या शरद ऋतूत, ते तेव्हाच्या नोकरीच्या गावाहून, आर्नश्टाटहून, ल्युबेकला बुक्स्टेहुडे यांचे ऑर्गनवादन ऐकायला पायी निघाले. अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे, म्हणजे आळंदी ते पंढरपूर वारीपेक्षा बरेच जास्त. रजा चार आठवड्यांची होती आणि ते परतले सुमारे चार महिन्यांनी. साहजिकच वरिष्ठांनी खडसावले. या हकिकतीत भक्ती आहेच, पण नाइलाजही आहे. सतारिया सतार घेऊन गावोगाव जाऊ शकतो. ऑर्गन इमारतीत रुजलेला असतो. तिथल्या दगडी कमानी, तिथली घुमण्याची वेळ ध्यानात घेऊनच त्याचा आवाज घडवलेला असतो, आणि म्हणून ज्याला तो ऐकायचा आहे त्यानेच उठून जावे लागते. दोन ऑर्गन एकसारखे नसतात. एका गावी सराव केलेला वादक दुसऱ्या गावी पोचला की आधी काही तास नुसते स्टॉप ओढून, ऐकून, कुठे काय बोलते ते टिपून घेतो.

मैफलीला सरावलेल्या माणसाला ऑर्गनचे वादन सुरुवातीला चमत्कारिक वाटते. वादक दिसत नाही. तो मागे, वर, सज्जात श्रोत्यांकडे पाठ करून बसलेला, आणि श्रोतेही बहुधा त्याच्याकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून बसलेले. दाद द्यायला चेहरा नाही, ‘वाहवा’ म्हणायची सोय नाही. मला पहिली दोन-तीन वादने कोरडी वाटली, हे कबूल केले पाहिजे. मग कधीतरी लक्षात आले की आपण डोळे मिटून बसलो आहोत आणि आवाज कुठून येतो आहे हे शोधायचे सोडून दिले आहे. तेव्हापासून गोडी लागली.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगतो. उत्तर जर्मनीतल्या एका लहान गावच्या चर्चमध्ये संध्याकाळी वादन होते. श्रोते तीस-पस्तीस, बाहेर पावसाची झड. दुसरी रचना संपली, पण तिच्यातला एक मधल्या सप्तकातला स्वर संपलाच नाही. आपल्या पेटीची पट्टी पावसाळ्यात फुगून बसते, तसेच काहीसे आत झाले होते. वादकाने पट्ट्या झटकल्या, एकेक स्टॉप बंद केला. ज्या रांगेतली नळी अडली होती ती रांग बंद करताच शांतता झाली, परंतु पुढच्या रचनेला नेमकी तीच रांग हवी होती. मग वादकबाई कठड्याशी आल्या, हसून काही बोलल्या, आणि त्यांची मदतनीस मुलगी हातात विजेरी घेऊन ऑर्गनच्या बाजूचे छोटे दार उघडून आत शिरली. आम्हाला दिसत होता तो फक्त नळ्यांच्या फटींतून हलणारा उजेड. वर जाताना शिडीची एकेक पायरी वाजत होती. वादकबाईंनी स्टॉप पुन्हा ओढला, स्वर पुन्हा सुरू झाला. आतून ‘ही नाही, पुढची’ अशा अर्थाचे काही ओरडणे ऐकू आले, आणि एकदम तो स्वर तुटला. मुलीने ती नळी तिच्या भोकातून अलगद वर उचलली होती. ती नळी, लांबीला साधारण हातभर, तिने खाली आणून बाकावर ठेवली, आणि उरलेला कार्यक्रम त्या एका नळीवाचून पार पडला. नंतर आम्ही ती हातात घेऊन पाहिली. कथील-शिशाची, वजनाला अपेक्षेपेक्षा जड, आणि ओठाच्या वरच्या भागावर कारागिराने टोचलेले स्वराचे अक्षर.

न थांबणाऱ्या स्वराची एक हकिकत नोत्र दामच्याच इतिहासात आहे. तिथले वादक लुई व्हिएर्न जवळजवळ अंध होते आणि १९०० पासून त्या जागेवर होते. २ जून १९३७ च्या संध्याकाळी भरल्या सभेत वाजवत असताना त्यांना झटका आला आणि ते बाकावरच कोसळले; पाय खालच्या पट्टीवर पडला आणि तो खर्जातला एक स्वर कॅथेड्रलभर वाजत राहिला. शेजारी त्यांचे शिष्य मोरिस द्युरुफ्ले उभे होते. पियानोवर असे घडणे शक्य नाही, एवढेच मला या पत्राच्या संदर्भात सांगायचे आहे.

आपल्या लेखकाने ज्याचा उल्लेखही केलेला नाही, ती त्या वाद्याची अलीकडची कथाही कमी नाही. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छत आणि मनोरा कोसळला, पण ऑर्गनपर्यंत ज्वाळा पोचल्या नाहीत आणि बंबांचे पाणीही फारसे शिरले नाही. नुकसान केले ते छताच्या वितळलेल्या शिशाच्या धुळीने. ती विषारी धूळ हरएक सांध्यात बसली होती. २०२० च्या ऑगस्टपासून नळ्या उतरवून कारखान्यांत नेल्या, साफ केल्या, आणि काही वर्षांनी परत आणून बसवल्या. पुढचे काम सूर जुळवण्याचे, आणि त्याला पूर्ण शांतता लागते. दिवसा तर तिथे सुतार, गवंडी, पाथरवट यांची गर्दी. म्हणून हे काम महिनोन्‌महिने रात्री चालले. एक जण पट्टी धरून बसायचा, दुसरा नळ्यांच्या जंगलात उभा राहून प्रत्येक नळीचे तोंड किंचित मोकळे, किंचित आवळून घ्यायचा. पेटी जुळवणाऱ्यांच्या दुकानात ज्याने दुपार घालवली आहे, त्यानेच ८,००० या आकड्याचा अंदाज करावा.

७ डिसेंबर २०२४ ला कॅथेड्रल पुन्हा उघडले तेव्हा आर्चबिशपांनी ऑर्गनला उद्देशून आठ वेळा आवाहन केले, ‘जागा हो’ अशी हाक घातली, आणि दर हाकेला वरून उत्तर म्हणून वादकांनी आयत्या वेळी रचलेले संगीत आले. त्या चार वादकांपैकी ऑलिव्हिए लात्री १९८५ पासून, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षापासून, तिथे आहेत. आपल्याकडे देवाला भूपाळी म्हणून उठवतात. तिथे त्या दिवशी वाद्यालाच भूपाळी झाली.

ऑर्गनच्या जगातल्या बातम्या अशा असतात, आणि त्या वाचण्यात मला वादनाइतकाच रस वाटतो. इतर संगीतात बातमी कलावंताची होते. इथे पुष्कळदा वाद्याची. फिलाडेल्फिया शहरातला वानामेकर ऑर्गन घ्या. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले ते वाद्य एका व्यापाऱ्याने विकत घेतले आणि १९११ पासून त्याच्या दुकानाच्या चौकात वाजू लागले. वाढवत वाढवत त्याच्या नळ्या २८,७५० झाल्या. खाली गिऱ्हाइके बूट नि कोट बघताहेत आणि वर रोज वादन चालले आहे, असे शतकभर चालले. मार्च २०२५ मध्ये तिथले दुकान बंद झाले, आणि निरोपाच्या दिवसांत लोकांनी तो चौक भरून टाकला. दुकान उठले तर सामान हलवता येते, पण इमारतीच्या मजल्यांमध्ये विणलेले असे वाद्य कुठे न्यायचे?

दुसरी बातमी आनंदाची आहे. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १८७१ पासून ऑर्गन आहे, नळ्या ९,९९९, आणि २०२५ मध्ये प्रथमच त्या सभागृहाने अधिकृत वादक नेमला: अ‍ॅना लॅपवुड, वय तिशीच्या आत-बाहेर. दिवसा सभागृह मोकळे मिळत नाही म्हणून त्या मध्यरात्रीनंतर सराव करीत आणि त्याच्या छोट्या चित्रफिती मोबाइलवर टाकीत. त्या पाहून लाखो तरुण या वाद्याकडे वळले. त्या चित्रपटसंगीत वाजवतात, यावर काही जाणकारांनी नाके मुरडली आहेत. नाट्यपद पेटीवर वाजवू नये म्हणणारे आपल्याकडेही होऊन गेले, त्यांचीच ही भावंडे.

तिसरी बातमी अशी आहे की ती छापल्यास वाचक विनोद समजतील. जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावात एका जुन्या चर्चमध्ये अमेरिकी संगीतकार जॉन केज यांची एक रचना ऑर्गनवर चालू आहे. ‘शक्य तितके संथ’ वाजवावे, एवढीच त्यांची लयीविषयीची सूचना. किती संथ शक्य आहे? त्या गावच्या कॅथेड्रलमध्ये १३६१ साली मोठा ऑर्गन बसला होता. तेव्हापासून २००० पर्यंत ६३९ वर्षे होतात, म्हणून ही रचना ६३९ वर्षे वाजवायची असे ठरले. ५ सप्टेंबर २००१ ला सुरुवात झाली ती विरामाने, आणि सतरा महिने केवळ भात्याचा वारा ऐकू येत होता. पहिला स्वर निघाला ५ फेब्रुवारी २००३ ला. पट्ट्यांवर वाळूच्या लहान पिशव्या टांगल्या आहेत, त्यामुळे स्वर रात्रंदिवस चालू राहतो, आणि बदलण्याचा दिवस आला की जगभरातून माणसे जमतात. २०१३ नंतरचा बदल थेट २०२० मध्ये झाला. त्यानंतरचा एक ५ फेब्रुवारी २०२४ ला. शेवट २६४० साली. मला हा प्रकार प्रथम निव्वळ विक्षिप्तपणा वाटला आणि अजूनही निम्मा तसाच वाटतो. पण उरलेला निम्मा मन सोडत नाही. न विरणारा स्वर हे ऑर्गनचे जे मूळ लक्षण, ते याहून उघडे करून कोणी दाखवले नसेल.

हे सगळे परक्यांचे कौतुक आहे, असे कोणी म्हणेल. त्याला मी पॅरिसच्याच ऑलिव्हिए मेसियाँ यांचे नाव सांगेन. १९३१ पासून १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्रिनिते चर्चचे वादक होते, आणि विसाव्या शतकात ऑर्गनसाठी त्यांच्याइतके महत्त्वाचे लेखन क्वचित कोणी केले असेल. एका फ्रेंच ज्ञानकोशात त्यांना १२० देशी तालांचे कोष्टक सापडले, आणि ते त्यांनी जन्मभर वापरले. १९५१ च्या त्यांच्या ‘ऑर्गनग्रंथ’ या रचनेचा पहिला भाग प्रतापशेखर, गजझंप आणि सारस या तीन तालांच्या मात्रांवर उभा आहे. ते कोष्टक शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले. आणि शार्ङ्गदेव तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी होता, देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादेत. मेसियाँ यांनी ठेका घेतला नाही, सम-खालीची आवर्तनेही घेतली नाहीत. त्यांनी फक्त मात्रांचे लघु-गुरू उचलले आणि त्यांना आपल्या परीने फिरवले. तबलजीला ते ऐकून ताल ओळखू येणार नाही, हेही खरे. तरीसुद्धा देवगिरीच्या दरबारातली तीन नावे पॅरिसमधल्या ऑर्गनच्या संहितेवर रोमन लिपीत छापलेली आहेत, ही गोष्ट मराठी पुरवणीत यायला हरकत नसावी.

भारतातही पाइप ऑर्गन आहेत. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आहे, कोलकात्याच्या सेंट पॉल्समध्ये आहे, सिमल्याच्या ख्राइस्ट चर्चमध्ये आहे. आपल्या दमट हवेत भात्याचे चामडे आणि लाकडी खोके टिकवणे कठीण, आणि दुरुस्ती जाणणारी माणसे मोजकी. त्यांची आजची अवस्था काय आहे, कुठे वादन होते आणि बाहेरच्या माणसाला बसून ऐकता येते का, याची चौकशी करून आपल्या वार्ताहरांनी लिहिले तर माझ्यासारखे काही वाचक तरी तिथे नक्की जातील.

हाल्बरश्टाटमधला पुढचा स्वरबदल ५ ऑगस्ट २०२६ ला ठरलेला आहे. त्या दिवसाची बातमी आपण चार ओळींत का होईना द्यावी, ही विनंती. छायाचित्र मिळाले नाही तर बातमी विनाछायाचित्र चालेल. कृपया संग्रहातला पियानो लावू नये.

कळावे,
आपला नम्र,
एक जुना वाचक, पुणे